जीपचे कासरे

पेणमध्ये गाडीचे पाटे बांधणाऱ्या माणसाची परीक्षा गणपतीची बोटं घेतात. मूर्ती शाडूची, आशीर्वादाचा हात पुढे केलेला, आणि टेम्पो निघालाय खड्ड्यांतून मुंबईला. मुक्कामी पोचल्यावर पाचही बोटं शाबूत असली तर मिस्त्रीचं नाव कोणी काढत नाही. एक करंगळी गळली की मात्र पाच मिनिटांत फोन येतो. असे फोन मी आयुष्यात फार घेतले नाहीत, एवढं इथे सांगून टाकतो. पुढे जे सांगायचंय ते मला फारसं शोभा देणारं नाही.

पाटा म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये असते ती पोलादी पट्ट्यांची कमान. सात-आठ पट्ट्या एकावर एक. पट्ट्या जास्त तेवढा पाटा कडक आणि ओझं जास्त पेलणारा. गणपतीच्या दिवसांत ओझं हलकं आणि नाजूक असतं, म्हणून आम्ही दोन पट्ट्या काढून घेतो, उरलेल्यांना भट्टीत लाल करून नवी गोलाई देतो. सण संपला की परत बसवतो. यात काही जादू नाही, पण कुठली पट्टी काढायची हे पुस्तकात मिळत नाही.

या मऊ पाट्यांपायीच मी जीपवाल्यांच्या तावडीत सापडलो. डोंगरात जीप घालणाऱ्या हौशी मंडळींना वाटायचं की रस्ता दगडधोंड्यांचा म्हणजे पाटे दणकट हवेत. उलट आहे. पाटा कडक असला तर चाक खड्ड्यात उतरतच नाही, हवेत लटकतं, आणि हवेत फिरणारं चाक गाडी कशी ओढणार? एका मुंबईच्या माणसाला मी दोन पट्ट्या काढून दिल्या, त्याची जीप मित्रांच्या आधी टेकडीवर पोचली, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं माझ्या गॅरेजच्या दारात टेम्पो कमी आणि जुन्या जीपा जास्त अशी गत झाली. मग नुसते पाटेच नाही, अख्खी गाडी सोडवून परत बांधायचं काम अंगावर आलं. माणसंही एकेक नमुने. एका साहेबांनी जीप इतकी उंच करून घेतली की घरच्यांना चढायला स्टूल लागायचं. दुसरे एक जण सर्व्हिसिंगला आले की बजावायचे, "मिस्त्री, चिखल धुवू नका हां, सोमवारी ऑफिसला न्यायचीय."

मला मात्र या कामातली खरी गंमत वेगळीच वाटते. चाळीस-पन्नास वर्षांची जीप सोडवायला घेतली की तिच्यात आधीच्या मिस्त्रींचे हात दिसायला लागतात. हा जोड डावऱ्या माणसाने मारलाय. इथे बोल्ट मिळाला नाही म्हणून कुणीतरी पंपाचा बोल्ट ठोकलाय. गिअरपेटीत लाकडाचा भुसा निघाला, म्हणजे गाडी विकताना कुणीतरी आवाज दाबून टाकलाय. अशा खुणा सापडल्या की मला जेवायची शुद्ध राहत नाही. हे का केलं असेल, कुणी केलं असेल, याचा छडा लावल्याशिवाय मी पुढचा पाना उचलत नाही, असं मी लोकांना सांगत असे.

सुमतीबाईंची जीप माझ्याकडे आली ती याच ख्यातीवर. बाई रोह्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आता रोह्याजवळच वरशाला फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. त्यांच्या वडिलांची, आबांची, जुन्या काळी भाताची गिरणी होती आणि रोह्याच्या आतल्या बाजूला डोंगरावर जमीन. वरच्या माळावर भात, वाल, थोडे काजू. तिथे जायला एकच वाट, बोरखिंडीतून. ती बैलांची वाट होती, अजूनही तशीच आहे. आबांनी मिलिटरीच्या लिलावातून एक जीप आणली आणि वीसेक वर्षं त्या खिंडीतून माल खाली आणला. त्या जीपचं नाव पंचक्रोशीत होतं. "मिलिटरीचा माल, भिंतीवरही चढेल," असं आबा पाहुण्यांना सांगत. आबा गेल्यावर ती गिरणीच्या शेडमध्ये पडून राहिली.

आता शेड विकली गेली होती. बाईंचे धाकटे भाऊ अण्णा ठाण्याला असतात, बँकेतून निवृत्त, माणूस सरळ. त्यांनी जीपसाठी गिऱ्हाईकही बघितलं होतं. कोलाडजवळच्या एका हॉटेलवाल्याला ती दाराशी ठेवायची होती, रंगवून, बॉनेटमध्ये फुलझाडं लावून. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचे गुडघे गेले होते. खिंड चढून माळावर जाणं तीन वर्षांपूर्वीच थांबलं होतं. वरच्या काजूंचं काय चाललंय ते त्यांना दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागे.

"मिस्त्री, मला शोभेची गाडी नको," त्या गॅरेजमध्ये येऊन म्हणाल्या. "ही चालली तर मी वर जाईन. नाही चालली तर यापुढे मी माझी जमीन फोटोत बघायची. अण्णाशी बोलणं झालंय. जीप आपल्या चाकांवर खिंड चढली तर माझी, नाही तर हॉटेलवाल्याची."

फुलझाडांचं ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "बाई, चढणार."

अडीच महिने मी त्या जीपमध्ये होतो. सांगाडा वाळूचा मारा करून साफ केला, दोन ठिकाणी कुजला होता तिथे नवी पट्टी जोडली. इंजिन आधीच कुणीतरी डिझेलचं बसवलेलं होतं, ते उघडून नवं केलं. खिंडीच्या पायथ्याला ओढा आहे म्हणून इंजिनाला हवा घेणारी नळी काचेच्या वर नेली. धाटावच्या एका कंपनीच्या भंगारातून जाड रबरी पट्टा आणून त्याचे चाकांमागे लटकणारे चिखलपंखे केले. पोटाखाली लोखंडी पत्रा लावला, म्हणजे दगड लागला तर गिअरपेटी फुटायची नाही. पाटे तर मी स्वतः भट्टीत घातले. सांगायला हरकत नाही, इतके चांगले पाटे मी कुणाला बांधले नव्हते.

आणि त्या जीपमध्ये एक विचित्र गोष्ट होती. दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्यांच्या मागे, आणखी दोन लोखंडी दांडे उभे होते. एकाच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली, दुसऱ्याच्या मुठीला सुतळी. खाली गंजलेल्या तारा होत्या. एक तार मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकला गेली होती, दुसरी उजव्याच्या. हँडब्रेक खरा तर एकच असतो, एक दांडा ओढला की गाडी जागच्या जागी थांबते. इथे दोन कशाला? फरशीला भोकंही वेडीवाकडी, लोहाराच्या छिन्नीने पाडलेली.

मी दिवसभर त्यांच्याभोवती घुटमळलो. मग बाईंना फोन केला.

"मला काय ठाऊक? आम्ही मुली मागे पोत्यांवर बसायचो," बाई म्हणाल्या. "गाडी धाकूदादा चालवायचे. खिंडीखालच्या वाडीतच राहतात. विचारू का त्यांना?"

"नको नको," मी म्हटलं. "माझ्या लक्षात आलंय."

काही लक्षात आलं नव्हतं. पण चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारायचं, हे कुठेतरी खुपलं. मी मनाशी ठरवून टाकलं की अडाणी लोहाराला एका दांड्याला दोन तारा जोडायचं जमलं नाही म्हणून त्याने दोन दांडे केले. मी ते कापून काढले, नवा छानसा एकच हँडब्रेक बसवला, दोन्ही तारा त्याला जोडल्या, फरशीची भोकं बुजवली. आठवड्याने भंगारवाला आला त्याला इतर लोखंडाबरोबर दांडेही देऊन टाकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी आम्ही खिंडीत गेलो. मी चालवत होतो, बाई शेजारी. अण्णा चालत पुढे गेले होते. ओढा पार झाला, पहिली दोन वळणं झाली, मऊ पाट्यांनी दगड असे गिळले की बाई हसायला लागल्या. मग ती पायरी आली. खडकाची पायरी, गुडघ्याएवढी, आणि पावसाच्या पाण्याने तिच्यावर तिरकी घळ पाडलेली. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं हवेत. ती दोन गरगरा फिरायला लागली आणि जीप जागची हलेना.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मागच्या दोन चाकांच्या मधे एक गोळा असतो, त्याला डिफरेन्शियल म्हणतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. गोळा ती वाटणी करतो. पण त्याला एक वाईट खोड असते. एक चाक मोकळं सुटलं की इंजिनाची सगळी धाव तो त्यालाच देतो, आणि जमिनीवर घट्ट रोवलेलं चाक नुसतं बसून राहतं. पुढच्या चाकांचंही तसंच. म्हणून चारही चाकांना जोर देणारी गाडी समोरासमोरच्या कोपऱ्यांची दोन चाकं लटकली की मुकाट उभी राहते.

मी आठ वेळा प्रयत्न केला. दगड टाकले, वेग घेऊन बघितलं. शेवटी क्लचचा जळका वास आला तेव्हा थांबलो.

"पायरी जरा वेडीवाकडी झालीय पावसाने," मी म्हटलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

अण्णा खाली आले. त्यांनी विजयाचा आव वगैरे काही आणला नाही. "सुमे, मी काय तुझा वैरी आहे का? शेड या महिन्यात सोडायची आहे. तो माणूस गुरुवारी क्रेन घेऊन येतोय."

आम्ही जीप मागे मागे घेत वाडीत आणली. आवाज ऐकून माणसं जमली होती. त्यांच्यातून एक वाळलेला म्हातारा काठी टेकत पुढे आला. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याने धूसर. हेच बाईंचे धाकूदादा; माझे धाकूकाका झाले. त्यांनी जीपवरून हात फिरवला, मग आत हात घालून दोन सीटांच्या मधे चाचपडायला लागले.

"हितलं दोन दांडं कुठं हायत?"

त्यांनी परत चाचपलं.

"मी काढले," मी म्हटलं.

"का?"

ते माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. "तुला ठाव नव्हता त्ये कशाला हायत?"

"नव्हतं."

"मंग इचारायचा ना. मी हितंच व्हतो."

त्यांनी ओट्यावर बसून जे सांगितलं त्याने माझे कान लाल झाले. जीप यायच्या आधी याच खिंडीत ते आबांची बैलगाडी हाकायचे. त्या पायरीवर गाडी अडली की एक बैल उधळतो, नुसत्या उड्या मारतो, आणि दुसरा जू टाकून उभा राहतो. "आडानी मानूस हुब्या बैलाला मारतो. आपन उधळल्याचा कासरा आवरायचा. त्यो थांबला का दुसऱ्याच्या खांद्यावर जू येतंय, मंग त्यो वढतो." जीप पहिल्याच दिवशी पायरीवर अडली. आबा शिव्या देत होते आणि धाकूकाका वाकून चाकांकडे बघत होते. एक उधळलेलं, एक उभं. त्यांना वाटलं, या जनावराला फक्त कासरे नाहीत. ते रोह्याच्या लोहाराकडे गेले आणि करून घेतले. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक तेवढा ओढायचा, की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

मुंबईचे साहेब लोक याच कामासाठी परदेशी बनावटीचा महागडा गोळा मागवतात. मी स्वतः चार गाड्यांना बसवलाय.

"आबा काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"गाडीला भोका पाडलीस म्हनून लय बोललं. मंग चढली, तवा गप ऱ्हायलं."

बाई भावाकडे वळल्या. "अण्णा, आमच्याकडे नापास मुलाला ऑक्टोबरची परीक्षा असायची. एकच विषय राहिलाय."

अण्णा हसले. "बुधवार. त्याच्या पुढे नाही."

मी पेणला जाऊन हत्यारं आणली आणि धाकूकाकांच्या खळ्यात जीप उभी करून कामाला लागलो. जुने दांडे भट्टीत वितळून गेले असणार, त्यांचा नाद सोडला. ब्रेकच्या आतली जोडणी सुदैवाने मी तशीच ठेवली होती, तारा तेवढ्या वेगळ्या करायच्या होत्या. दांड्यांसाठी जीपच्याच जुन्या पाट्यातली एक पट्टी चिरली. काका शेजारच्या सीटवर बसून हाताने माप सांगत होते. अजून मागं. थोडा वाकव. माझ्या गुडघ्याच्या लायनीत. मी चकचकीत रबरी मुठी आणल्या होत्या, त्या त्यांनी परत दिल्या. "डाव्याला चिंधी, उजव्याला सुतळी. डोळं वाटंवर असत्यात, हाताला कळाया नको?" ही चिंधी आणि सुतळी पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला वाटलं होतं, हाताला घाम येऊ नये म्हणून असेल.

चालवायला मीच बसणार असं मी धरून चाललो होतो. खळ्यात मागची दोन्ही चाकं उचलून सराव केला, तर माझा हात हटकून चुकीच्या दांड्यावर जाई. उजवं फिरतंय म्हटल्यावर मन म्हणायचं डाव्याला काहीतरी कर. तेवढ्यात क्लच सुटायचा. काका एकट्याने हे सगळं करायचे, पण आता त्यांना वाट दिसत नव्हती.

"मी चालवते," बाई म्हणाल्या. "धाकूदादा, तुम्ही शेजारी बसा. दांडे तुमचे."

"बाई, तुम्ही फक्त वरशाच्या बाजारात गाडी चालवलीय," मी म्हटलं.

"वरशाच्या बाजारात चालवून बघा एकदा," बाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. मागच्या चाकांवर वजन हवं म्हणून वाळूची पोती टाकली होती. मी त्या पोत्यांवर बसलो. काकांनी मान खाली घातली होती, ते वाटेकडे बघतच नव्हते, ऐकत होते. पायरीशी आलो. पुढचं डावं वर गेलं, मागचं उजवं लटकलं, खडी उडायला लागली.

"उजवा उधळला," काका म्हणाले आणि सुतळीचा दांडा हळूहळू ओढला. "थांबू नको गो ताय. तसाच दाबून धर."

फिरणाऱ्या चाकाचा आवाज जड झाला. मग माझ्या डाव्या कुल्ल्याखाली एक धक्का बसला, दुसऱ्या चाकाने जमीन पकडली होती. जीप इंचाइंचाने वर सरकली, पुढचं डावं चाक पायरीवर टेकलं. मागची चाकं आली तेव्हा डावं सुटलं, काकांनी चिंधी ओढली. बाईंच्या कपाळावरून घाम गळत होता. पण त्या थांबल्या नाहीत, आणि मागची चाकंही पायरी चढून गेली. मला रडू आलं, ते मी पोत्यात तोंड घालून लपवलं नाही.

माळावर गवत कमरेएवढं होतं. बाईंनी इंजिन बंद केलं, काठी घेतली आणि थेट काजूंकडे चालायला लागल्या. एकेका झाडाला हात लावून परत आल्या, तोवर अण्णा धापा टाकत वर पोचले होते. त्यांनी शब्द पाळला. तिथूनच हॉटेलवाल्याला फोन लावला आणि क्रेन आणू नका म्हणून सांगितलं. मग जीपमध्ये वाकून म्हणाले, "हेच का ते दोन?"

"हे तू विकायला निघाला होतास," बाई म्हणाल्या.

अण्णा ओशाळले. मला गप्प राहता आलं असतं. पण अण्णांनी फक्त गाडी विकायचं ठरवलं होतं. हॉटेलच्या दारात, फुलझाडांच्या मागे का होईना, ते दांडे उभे राहिले असते.

"बाई, अण्णांनी नाही," मी म्हटलं. "ते मी विकले. भंगारात. आणि विचारलंही नाही."

धाकूकाकांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "दांडं तर तू केलंस परत."

"दांडे करता येतात मला, काका. ओढता येत नाहीत."

"मंग उतरताना फुडं बस," ते म्हणाले. "चढनीपरास उताराला जास्त लागत्यात. येक चाक लटकला का गाडी धावत सुटती."

ते चाचपडत मागे गेले आणि पोत्यांवर बसले. मी त्यांच्या जागेवर बसलो, चिंधी आणि सुतळी हातात घेतली. बाईंनी गाडी सुरू केली. काकांनी मागून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. पायरीशी आलो तेव्हा मला अजून काही ऐकू आलं नव्हतं, तोच त्यांनी उजवा खांदा दाबला, आणि मी सुतळी ओढली.